नावालाच पेट्रोल

हडपसरच्या त्या सोसायटीत मच्छिंद्ररावांना सगळे ‘काळजीवाहू’ म्हणायचे. तोंडावर नव्हे, पण त्यांना ऐकू जाईल इतपत मोठ्यानं. नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. घराला कुलूप लावलं की हा माणूस ते ओढून बघायचा, जिना उतरायचा, पुन्हा वर येऊन ओढायचा आणि रिक्षात बसल्यावर बायकोला विचारायचा, “मथुरा, कुलूप लावलं ना गं मी?”

“नाही. चोराला बोलावून किल्ली देऊन आलात,” मथुराबाई म्हणायच्या. तेवढं ऐकलं की यांचा जीव भांड्यात पडायचा.

सोसायटी उभी होती ती जमीन एके काळी त्यांच्याच घराची. वडिलांनी, तात्यारावांनी, भाजीपाल्याच्या धंद्यावर हिरवी मॉरिस घेतली होती. गावातली पहिली मोटार. पुढे मळा गेला, गोठा गेला, गावाचं शहर झालं, मॉरिस तेवढी राहिली. सरकारी नोकरी सांभाळून मच्छिंद्ररावांनी ती जिवापाड जपली. पण सोसायटीच्या सभेत ठरलं की एका फ्लॅटला एकच पार्किंग, आणि तिथे मुलाची, सौरभची नवी गाडी उभी. “पप्पा, जरा प्रॅक्टिकल व्हा ना,” सौरभ म्हणाला. खराडीला ऑफिसात असंच बोलतात. शेवटी इंदूरला दिलेली मुलगी उत्कर्षा म्हणाली, “आमच्याकडे पाठवा. यांना जुन्या गाड्यांचं वेड आहे, अंगणही मोठं आहे.” मॉरिस लेकीच्या घरी जाणार म्हटल्यावर मच्छिंद्ररावांना जरा बरं वाटलं.

मग सुरू झाली चौकशी. अरे बापरे, काय ती चौकशी! चालवत न्यायची तर वाटेत घाट, इंजिनाचं वय झालेलं. उघड्या ट्रकवर चढवायची तर दगड उडणार, रंग जाणार. जो कोणी वाहतूकवाला फोन उचलेल त्याला हे विचारायचे, पट्टे चाकांना बांधता की अंगाला? चढवताना ओढता की उचलता? आतली जमीन लाकडी की पत्र्याची? एक जण वैतागून म्हणाला, “काका, गाडीच आहे ना? की आत कुणी झोपलंय?” हे लगेच फोन ठेवून मोकळे.

अखेर सगळीकडून बंद असलेला कंटेनर मिळाला. एजंटानं बजावलं होतं, सामान ठेवायचं नाही, बॅटरीची वायर काढायची आणि टाकीत पेट्रोल नावाला, चढवण्या-उतरवण्यापुरतं. बंद पेटीत वास कोंडतो, तेव्हा यात हयगय नको. मच्छिंद्ररावांनी मान डोलावली. असल्या सूचना म्हणजे त्यांच्या आवडीचा विषय.

निघायच्या दिवशी सकाळी मथुराबाईंनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, पुढच्या सीटवर खण-नारळ आणि तांदूळ ठेवले. ओटीच भरली म्हणा ना. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “पोरीच्या घरी निघालीय. रिकाम्या पोटानं पाठवता व्हय?”

बायकोच्या बोलण्याकडे कधी नव्हे ते लक्ष द्यायला नेमका हाच दिवस सापडला. मच्छिंद्रराव मॉरिस घेऊन शेवटची चक्कर मारायला निघाले. मगरपट्ट्याकडून वळले, पंपावर थांबले आणि स्वतःच्याच तोंडून निघालेलं ऐकलं, “फुल कर.” पार गळ्यापर्यंत. डोळ्यांत पाणी आलं होतं, त्याचं त्यांना नवल वाटलं, सूचना मात्र आठवली नाही. आठवली ती घरी आल्यावर, कंटेनर दारात उभा पाहून.

ड्रायव्हरचं नाव समाधान. रामटेकडीचा, तिशीतला, बोलायला गोड. पट्ट्यांनी रंग खरवडू नये म्हणून घरनं जुनी गोधडी घेऊन आला होता. गाडी त्यानंच आत चढवली. बॅटरीची वायर काढण्याआधी डॅशबोर्डात डोकावून म्हणाला, “काका, पेट्रोलचा काटा तर मेलेला हाय. टाकीत किती हाय?”

सांगायचं की नाही? एवढी चौकशी करणारा माणूस, आजूबाजूला सोसायटीतली चार टवाळ तोंडं उभी, त्यात काळजीवाहूंनीच टाकी भरून आणली म्हटल्यावर वर्षभर पुरेल एवढी करमणूक. मच्छिंद्ररावांना लाज वाटली.

“नावालाच आहे,” ते म्हणाले.

दरवाजे बंद झाले. दिवसभरात त्यांनी समाधानला इतके फोन केले, की कुणी दुसरा असता तर फोनच बंद केला असता. तो प्रत्येक वेळी म्हणायचा, “निवांत ऱ्हावा काका, फुलासारखी नेतोय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन त्याचा आला. धुळ्याच्या पुढे एका ढाब्यावर त्यानं गाडी लावली होती. “काका, मागनं पेट्रोलचा वास येतोय. लई येतोय. टाकीत खरंच थोडंच हाय ना?”

इथे तरी तोंड उघडायचं! एक वाक्य होतं, ‘टाकी भरलेली आहे, लांब राहा.’ पण एकदा खोटं बोललेल्या माणसाला दुसऱ्यांदा खरं बोलणं फार जड जातं. त्यांना वाटलं, झाकणातून थोडं सांडलं असेल.

“थोडंच आहे रे. कार्बोरेटर पाझरत असेल. आत जाऊन बघ बरं जरा.”

“बघतो,” समाधान म्हणाला.

ढाब्यावरच्यांनी नंतर सांगितलं, त्यानं मागचा दरवाजा उघडला, रिकाम्या हातानं आत शिरला, आणि भडका उडाला. ठिणगी कशाची पडली ते कुणालाच कळलं नाही. मॉरिस गेली, कंटेनर गेला. समाधान दोन दिवस तडफडला आणि गेला.

पोलिसांचा फोन आला तेव्हा त्यांनीही तेच विचारलं. मच्छिंद्रराव तिसऱ्यांदा म्हणाले, “नावालाच होतं.” मग वाहतूक कंपनीनं स्वतःपुरतं ठरवून टाकलं, की ड्रायव्हर बिडी पेटवून आत गेला असणार, आणि हात वर केले. सोसायटीतली माणसं सांत्वनाला आली. “तुम्ही एवढी काळजी घेतलीत, आणि त्या गाढवानं बिडीपायी वाट लावली,” म्हणाली. मथुराबाई चहा देत होत्या. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि कप ठेवून आत गेल्या. पंपावरून परतलेल्या गाडीतला पेट्रोलचा वास त्यांनाही आला होता.

सौरभला सांगून पाहिलं. तो म्हणाला, “पप्पा, प्लीज. आपलं नाव कुठेच नाहीये. आता बोलून तो परत येणारे का?”

येणार नव्हता, हे तर यांनाही कळत होतं. पण अन्न गोड लागेना. कुलूप ओढून बघायची सवयसुद्धा सुटली. असंच गप्प बसण्यात महिना-दीड महिना गेला, आणि एका सकाळी कुणाला न सांगता ते रामटेकडीला गेले.

समाधानची आई, यमुनाबाई, दारातच तांदूळ निवडत होती. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी समाधानचा हार घातलेला फोटो. यांनी नाव सांगितलं तशी ती धडपडत उठली, खुर्ची पुसली आणि हात जोडून म्हणाली, “साहेब, तुमच्या वडलांच्या येळची गाडी. आमच्या पोरानं जाळली. माफ करा.”

मच्छिंद्रराव उभेच राहिले. मग एका दमात सगळं बोलून गेले. टाकी कुणी भरली, काय विचारलं होतं, काय उत्तर दिलं, आणि आत जा असं कोण म्हणालं. पोलिसांनाही सांगतो म्हणाले.

यमुनाबाईनं ऐकून घेतलं. ती चिडली नाही, रडलीही नाही. तिनं फक्त विचारलं, “म्हणजे बिडी नव्हती?”

“नव्हती.”

“दोन वर्सं झाली सोडून. बुद्धांच्या फोटूपुढं पंचशील घेतलं, मला शब्द दिला. सगळी म्हणाली बिडीच होती, तर मला वाटलं, पोरगं फसवत होतं मला.” ती खाली बसली. सुपातले तांदूळ तिनं उगाच एकीकडे सारले. “दवाखान्यात तो सारखं कायतरी सांगाया बघत हुता. ‘आई, मी न्हाय,’ एवढंच निघायचं. मी म्हणलं, गप ऱ्हा, मरतानी तरी खोटं बोलू नगंस.”

मच्छिंद्रराव तिच्यासमोर जमिनीवर बसले.

“त्याच्यावर मग तो बोललाच न्हाय,” यमुनाबाई म्हणाली.