आढाव्यातली दुभाषी

कर्नाटकात, बिदर जिल्ह्यातल्या तोरणगीच्या नगरपालिकेत दर वर्षी मार्च सरता सरता सेवांचा आढावा व्हायचा. पाणी, दिवे, गटारी, झाडलोट, दवाखाना, यात वर्षभरात काय झालं, काय राहिलं ते गावासमोर सांगायचं आणि गावाचं ऐकून घ्यायचं, असा तो दिवस. गुलबर्ग्याहून मोठे साहेब यायचे. नगरपालिकेच्या दारात मंडप उभा राहायचा, भाड्याचे पंखे यायचे, आणि त्या सकाळी गावातले सगळे नळ न चुकता वाहायचे.

भाग्यलक्ष्मी त्या नगरपालिकेत टायपिस्ट होती. रोजंदारीवरची. तिचे वडील पिराप्पा जनवाड्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. पुढं मेंढरं गेली आणि ते लोकांच्या शेतात राबू लागले. पोरीनं तरी सावलीत बसावं म्हणून त्यांनी तिला बिदरला मावशीच्या घरी ठेवून कन्नड शाळेत घातलं. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी उर्दू. एका बोलीतून दुसरीत ती अशी जायची, की ऐकणाऱ्याला सांधा दिसायचा नाही.

तोरणगीच्या नागराजशी तिचं लग्न झालं. तो बिदरजवळ कोळारच्या एका कारखान्यात होता. मुलगी रेणू वर्षाची असताना यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली आणि कामही गेलं. मग भाग्यलक्ष्मीनं टायपिंग शिकून नगरपालिकेत जागा धरली. नागराज घरी रेणूला सांभाळायचा आणि डाव्या हातानं भाकरी थापायचा. त्यावरून गल्ली हसायची. तो हसायचा नाही.

सत्त्याण्णवच्या आढाव्याला आलेले साहेब म्हैसूरकडचे होते. त्यांना मराठी अजिबात कळेना. म्हाताऱ्या माणसांनी उभं राहून बोलायला सुरुवात केली तसे ते मुख्याधिकारी लिंगराजांकडं बघू लागले. लिंगराजांना मराठी चांगलं कळायचं. पण गावाच्या तक्रारी आपल्याच तोंडानं वरच्यांना सांगायच्या, हे त्यांना नको होतं. त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या भाग्यलक्ष्मीला खूण केली.

"भाग्यम्मा, तुम्ही सांगा."

ती पदर सावरत उभी राहिली. समोर ज्ञानोबा म्हणून एक म्हातारा बोलत होता. "आमच्या गल्लीत खांब हाय, दिवा न्हाई. त्या खांबाला आता म्हशी बांधाव्या का साहेब?"

तिनं ते जसंच्या तसं, त्याच ठसक्यात कन्नडमध्ये सांगितलं. साहेब मोठ्यानं हसले आणि त्यांनी तिथल्या तिथं हुकूम दिला. आठवड्यात दिवा लागला. ज्ञानोबा तिला रस्त्यात अडवून म्हणाला, "लेकरा, तुझ्या तोंडात साखर पडो." त्या वर्षी ती गावाची लाडकी झाली. लोक आढाव्याच्या आधी घरी येऊन सांगून जाऊ लागले, "आमचं बी नीट मांड गं बाई."

पुढच्या वर्षी आढाव्याच्या आदल्या दिवशी लिंगराजांनी तिला आत बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली. तशी त्यांनी कधीच दिली नव्हती.

"लोक लांबण लावतात," ते कन्नडमध्ये म्हणाले. "साहेबांना तेवढा वेळ नसतो. तुम्ही फक्त सार सांगा. आणि सूर जरा मऊ ठेवा." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "रोजंदारीवरच्यांचे पुढच्या वर्षाचे आदेश आढावा झाल्यावर निघतात. तुम्हाला माहीत आहेच."

घरी तिनं नागराजला सांगितलं.

"साहेब म्हणतोय तसं सांग," तो म्हणाला. "हे बी गेलं तर मी काय करू, सांग बरं? मला कोण घ्यायलाय?"

मग ती सार सांगू लागली. "पंधरा दिवस झाले, नळाला थेंब न्हाई, बाया विहिरीवर भांडून मरायल्यात" याचं कन्नडमध्ये व्हायचं "स्वल्प तोंदरे". म्हणजे थोडा त्रास. गंमत अशी, की एवढं कन्नड गावात सगळ्यांनाच कळायचं. बाजारात, बसमध्ये, दवाखान्यात त्यांचा दिवस त्यावरच चालायचा. मोठ्या साहेबांपुढं उभं राहून बोलायचं म्हटलं की मात्र जीभ उचलायची नाही. त्यामुळं आपलं बोलणं आपल्याच डोळ्यांदेखत आक्रसताना ते ऐकत राहायचे आणि खाली बसायचे. उलट कोणी काही बोलायचं नाही. पण भाग्यलक्ष्मी घागर घेऊन नळावर गेली, की एखादी हळूच म्हणायची, "सरा गं, स्वल्प तोंदरे आली." आणि बाकीच्या दुसरीकडं बघायच्या.

तिनं एकदा लिंगराजांना विचारून पाहिलं, हे काम दुसऱ्या कुणाला देता येईल का. ते म्हणाले, "दोन्ही भाषा इतक्या साफ बोलणारं दुसरं कोण आहे?" गावातल्यांना सांगून पाहिलं, तर ज्ञानोबा म्हणाला, "थोडं का होईना, तू सांगतीस. तू न्हाई सांगितलं तर तेवढं बी जायचं न्हाई." ती सोडते म्हणाली, तरी दोन्हीकडून कोणी सोडायला तयार नव्हतं.

तिच्या भिंतीला भिंत लावून वच्छलाबाईंचं घर होतं. शेती करणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या तोरणगीत असलेल्या घरातल्या त्या. नागराजची बोटं गेली तेव्हा महिनाभर त्यांच्या चुलीवरची भाजी भाग्यलक्ष्मीच्या घरी यायची. पुढं वच्छलाबाईंचा मुलगा रामकिशन याचं लग्न झालं आणि ज्योती घरात आली. हसरी पोर. संध्याकाळी रेणूला पुढ्यात घेऊन तिची वेणी घालायची आणि वेणी होईपर्यंत बडबड करायची.

दोन हजार तीनच्या सुरुवातीला गल्लीच्या नळाला वास यायला लागला. पाणी पिवळसर दिसायचं. गटार फुटलं होतं आणि पाण्याचा जुना पाइप त्याच्या पोटातून जात होता. भाग्यलक्ष्मीनं लिंगराजांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "पाइप बदलायचं काम मंजुरीला गेलंय." ती आठवडाभरानं पुन्हा गेली. ते म्हणाले, "सांगितलं ना." तिसऱ्यांदा ती गेली नाही. घरात मात्र पाणी उकळून घेऊ लागली, आणि वच्छलाबाईंनाही तसं सांगून आली. त्या म्हणाल्या, "एवढं सरपण कुठून आणू गं?"

गल्लीत कावीळ आली. लेकरं पिवळी पडली आणि हळूहळू उठलीही. ज्योतीला सातवा महिना होता. ती उठली नाही. रामकिशननं आणि वच्छलाबाईंनी तिला टेम्पोत घालून बिदरला नेलं आणि त्याच टेम्पोतून परत आणलं.

आढावा जवळ आला तसं लिंगराजांनी भाग्यलक्ष्मीला बोलावलं. या वेळी खुर्ची दिली नाही. "ती म्हातारी उद्या येणार म्हणतात. तुमच्या शेजारची ना? समजावा तिला. दुःखाचा दिवस आहे, घरी बसावं."

ती वच्छलाबाईंच्या दारात गेली. त्या उंबऱ्यावर तांदूळ निवडत होत्या. भाग्यलक्ष्मी शेजारी बसली आणि गुमान तांदूळ निवडू लागली.

"उद्या येणार हाय मी," वच्छलाबाईच म्हणाल्या. "तू माझं सांगशील न्हवं?"

"सांगते काकू."

"सगळं सांग. मध्येच गाळू नगस."

"न्हाई गाळत."

दुसऱ्या दिवशी मंडप भरलेला होता. नवे मोठे साहेब होते, तरुण, घाम पुसत बसलेले. दिव्यांचं झालं, झाडलोटीचं झालं. पाण्याचा विषय निघाला तशा वच्छलाबाई उठल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि कुठंही न अडखळता बोलल्या. पाणी कधीपासून घाण यायला लागलं, सुनेला आधी काय झालं, मग काय झालं, टेम्पोत तिनं सासूचा हात कसा धरला होता, ते सगळं. माणसं माना खाली घालून ऐकत होती.

बोलणं संपल्यावर साहेब भाग्यलक्ष्मीकडं वळले. "एनु हेळतारे?" काय म्हणतात या?

भाग्यलक्ष्मीनं तोंड उघडलं. साहेबांच्या मागं लिंगराज बसलेले होते. भिंतीजवळ नागराज उभा होता, उजवा हात शर्टात लपवून. तो नेहमीच तसा उभा राहायचा. आणि इतक्या वर्षांची सवय लागलेल्या तिच्या जिभेनं आपोआप सांगितलं, "त्यांच्या गल्लीत पाणी थोडं गढूळ येतं म्हणतात. लक्ष घालावं, अशी विनंती करतात."

वच्छलाबाईंना ते कळलं. त्यांनी तिच्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. अनोळखी बाईकडं बघावं तसं बघितलं त्यांनी. मग त्या साहेबांकडं तोंड करून, आयुष्यात कधी कुठल्या अधिकाऱ्यापुढं न बोललेल्या कन्नडमध्ये बोलल्या.

"सोसे सत्तळ. नम्म सोसे सत्तळ साहेबा."

सून मेली. आमची सून मेली.

साहेब खुर्चीतच पुढं झुकले. "कोण मेलं? या बाई काय सांगतात? नीट सांगा मला!"

मग भाग्यलक्ष्मीनं सांगितलं. सगळं सांगितलं. वच्छलाबाई बोलल्या होत्या ते, आणि त्यांना माहीत नव्हतं तेही. पाइप गटारातून कसा जातो, आपण स्वतः दोनदा येऊन कसं सांगितलं, काय उत्तर मिळालं. तिचा आवाज चढला होता आणि तिला तो खाली आणता येत नव्हता. लिंगराज मध्येच "भाग्यम्मा, भाग्यम्मा" म्हणाले, पण ते तिला ऐकूच गेलं नाही. साहेब उठले आणि म्हणाले, "चला, दाखवा."

सगळा आढावा उठून गल्लीत आला. साहेबांनी नाकाला रुमाल लावून गटारात वाकून बघितलं. त्याच आठवड्यात गल्ली खणायला सुरुवात झाली. नवा पाइप वच्छलाबाईंच्या दारावरून गेला.

आता आपल्याला काढणार, हे भाग्यलक्ष्मीनं धरूनच ठेवलं होतं. टेबलाच्या खणातली वाटी, कुंकवाची डबी, रेणूचा फोटो तिनं पिशवीत भरला. पुढं ती सांगायची, की त्या दिवशी फार हलकं वाटत होतं. कुठं मजुरीला गेले असते, पण कुणाचं बोलणं पोटात घेऊन फिरावं लागलं नसतं.

एप्रिलात आदेश निघाला. त्यात तिचं नाव होतं.

"काढलं असतं," लिंगराज शांतपणे म्हणाले. "पण मग गाव म्हणेल, खरं बोलली म्हणून काढली. तुम्ही इथंच राहा. बसा, आढाव्याचा अहवाल घ्यायचाय."

ते सांगत गेले, ती टाइप करत गेली. दिवे, गटारी, झाडलोट. पाणीपुरवठ्यापाशी आल्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, "तृप्तिकर," म्हणजे समाधानकारक. "एक तक्रार आली होती, तिचं निवारण केलं." तिची बोटं यंत्रावर तशीच राहिली. लिंगराजांनी तोच शब्द पुन्हा, सावकाश, लहान मुलाला सांगावा तसा सांगितला. तिनं तो टाइप केला.

त्या संध्याकाळी ती वच्छलाबाईंकडं गेली. त्या नव्या नळाखाली कळशी लावून बसल्या होत्या.

"काकू, सांगितलं मी शेवटी."

"व्हय," वच्छलाबाई कळशीकडं बघत म्हणाल्या. "मी सांगितल्यावर सांगितलंस."

त्यानंतर त्या भाग्यलक्ष्मीशी वाईट वागल्या नाहीत, आणि चांगल्याही नाहीत. भिंतीला भिंत तशीच राहिली. सणाला पुरणपोळी यायची, पण कुणातरी पोरीच्या हातून.

लिंगराज बदलून गेले, दुसरे आले, तिसरे आले. खुर्ची देऊन मऊ सूर ठेवायला प्रत्येकानंच सांगितलं. पण भाग्यलक्ष्मी सभेत आता काहीही गाळायची नाही. शिवी आली तर शिवीसुद्धा सांगायची. लोक टाळ्या वाजवायचे. नवीन पोरींना वाटायचं, किती धीट बाई आहे. पण अहवालही तीच टाइप करायची. साहेब सांगतील तसा. नागराजला दम्यानं धरलं होतं, सासू म्हाळसाबाई अंथरुणाला खिळली होती, रोजंदारी तशीच होती. सभेत दिवसभर ताठ उभं राहायचं आणि दुसऱ्या दिवशी तेच सगळं दोन ओळींत गुंडाळायचं. ती एकदा नागराजला म्हणाली, "पूर्वी मी एकदाच खोटं बोलत होते. आता सभेतलं ताठ उभं राहणंही खोटं, आणि अहवालही." त्यानं तिच्यापुढं चहा ठेवला.

रेणू शिकून हैदराबादला एका दुकानात कामाला लागली. दोन हजार दहाला तिनं आईला चार दिवस बोलावलं. आढावा तोंडावर होता, म्हणून रजा मिळाली नाही. आढावा झाला, अहवाल झाला, मग सुट्टी मिळाली.

रेणूची खोली एका तेलुगू कुटुंबाच्या गच्चीवर होती. घरमालकीण सकाळ-संध्याकाळ वर यायची आणि भाग्यलक्ष्मीशी हातवारे करत खूप बोलायची. बिदर जिल्ह्यातच औरादकडच्या लोकांना तेलुगू येतं, पण भाग्यलक्ष्मीला त्यातलं अक्षर कळायचं नाही. रेणू म्हणाली, "आई, दोन-चार शब्द शिकवू का तुला? कंटाळशील अशानं."

"कामून?" भाग्यलक्ष्मी म्हणाली. "राहू दे. बरं वाटायलंय."

खाली रस्त्यावर भाजीवाला एका बाईशी कडकडून भांडत होता. भाग्यलक्ष्मी कठड्याला टेकून ते ऐकत राहिली. कोण खरं, कोण खोटं, तिला काही कळत नव्हतं, आणि कुणी वळून तिला विचारणार नव्हतं. ती अंधार पडेपर्यंत तिथंच उभी होती. रेणू म्हणाली, अजून राहा, अप्पांना आणि आजीला पण इकडंच आणू. भाग्यलक्ष्मीनं मान हलवली. या एवढ्याशा खोलीत दोन आजारी माणसं ठेवायची कुठं, हे दोघींनाही दिसत होतं.

रविवारी सकाळी रेणूनं तिला बिदरच्या गाडीत बसवून दिलं. शेजारच्या सीटवर एक म्हातारी होती. गाडी झहीराबाद ओलांडून पुढं आली तशी ती म्हातारी मराठीत म्हणाली, "बाई, त्या कंडक्टरला जरा सांग की, मला फाट्यावर उतरायचंय. माझं ऐकंना बघ त्यो."

भाग्यलक्ष्मीनं कंडक्टरला हाक मारली आणि कन्नडमध्ये सांगितलं.