ती मिसळ माझ्याकडे लागते

मिसळीच्या रश्श्याचा वास आला की कॉलेजातले रविवार आठवतात. गोदाकाठी आम्ही चौघे मित्र जमायचो. प्रत्येकाने एक अवघड इंग्रजी शब्द आणायचा आणि ज्याचा अर्थ चुकेल त्याने मिसळ खिलवायची. एकदा पेठ तालुक्यातून शिकायला आलेल्या मित्राने 'क्लीव्ह' आणला. "चिरणं, आणि घट्ट बिलगणंसुद्धा," तो म्हणाला. "एका शब्दाचे दोन उलटे अर्थ? फेकू नको!" बाकीचे दोघे हसले. त्याने माझ्याकडे पाहिलं. "तू सांग ना रे यांना." मी दोन्ही अर्थ आदल्याच दिवशी वाचले होते, पण त्याचा शब्द माझ्या शब्दापेक्षा सरस होता. "मिसळ काढ, गड्या," मी म्हणालो. त्याने सगळ्यांना खिलवली. पुढच्या रविवारी तो आला नाही, नंतरही नाही. तो बरोबर होता. आता कुठे भेटला, तर आधी त्याच्यासाठी मिसळ मागवीन.