पटावर नसलेला पहिला नंबर

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र अजूनही वेगळं उभं राहतं.

दोन हजारच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मी मीरा-भाईंदरला पोलीस निरीक्षक होतो. एका दुपारी पूनम सागर भागात राहणारे एक गृहस्थ ठाण्यात आले. मुंबईत कचेरीत नोकरी, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला गुलाबाचं फूल. ते काढायचं त्यांना भान नव्हतं. मुलगा सकाळपासून बेपत्ता होता आणि ते थेट त्याच्याच सत्कारावरून आले होते.

झालं होतं ते असं. हद्दीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजने अभ्यासाची ऑनलाइन साइट सुरू केली होती. प्राध्यापकांनी तिथे नोट्स टाकायच्या, मुलांनी असाइनमेंट पाठवायच्या, गट करून प्रोजेक्ट करायचे, एकमेकांच्या शंका सोडवायच्या. उद्घाटनाला समई पेटवली होती, संगणकाला हारही घातला होता. वर्ष संपताना साइटवर सर्वांत जास्त काम करणाऱ्या विद्यार्थ्याचा सत्कार ठरला. साइटने नाव काढून दिलं, कॉलेजने पालकांना फोन केला. सभागृहात नाव पुकारलं, कोणी उठेना. पुन्हा पुकारलं. तेव्हा कार्यालयातल्या बाई स्टेजवर गेल्या आणि प्राचार्यांच्या कानात म्हणाल्या, "सर, हा आपला विद्यार्थीच नाही." माइक चालू होता. वडील पहिल्या रांगेत होते.

पहिल्या वर्षाचा एक विषय राहिल्यामुळे मुलाला तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला नव्हता. मुलांच्या भाषेत ड्रॉप लागला होता. त्याने घरी सांगितलं नाही. कॉलेजने साइटवरची नावं सरसकट पुढच्या वर्षात ढकलली होती, त्यात त्याचंही गेलं. मग रोज डबा घेऊन तो निघायचा आणि सायबर कॅफेत बसून, ज्या वर्गात नव्हता त्या वर्गाचा अभ्यास करायचा.

मिसिंगची तक्रार नोंदवून घेतली. नेहमीचे प्रश्न विचारले. दारू? मुलगी? कोणाशी भांडण? वडील प्रत्येकाला "नाही" म्हणाले. उठताना आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, खाडीत काही मिळालं तर मलाच फोन करा. घरी नको."

दोनच दिवसांनी तो फोन करावा लागला. खाडीत एक प्रेत मिळालं होतं. त्यांना ओळख पटवायला नेलं. तो त्यांचा मुलगा नव्हता. बाहेर येऊन ते जीपला टेकले आणि मला "थँक यू" म्हणाले. कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

प्राचार्यांची चिंता वेगळी होती. "इन्स्पेक्टरसाहेब, ही सरळसरळ घुसखोरी आहे. सायबर क्राइम! गुन्हा दाखल करा."

"करतो की. तुमच्याच कॉलेजने वर्षभराच्या कामासाठी त्याला पहिला नंबर दिला, तेवढं फिर्यादीत लिहावं लागेल."

प्राचार्यांचा फोनवरचा सूर बदलला. "नाही, म्हणजे शेवटी मुलाच्या भवितव्याचा प्रश्न आहे."

"तर मग त्याचं लॉगिन चालू राहू द्या."

त्याच्या प्रोजेक्टच्या गटातल्या एका मुलीला तिच्या वडिलांसह जबाबासाठी बोलावलं.

"तो वर्गात नसायचा, हे कळलं नाही तुला?"

"सर, वर्गात असतं कोण? मला वाटलं, दुसऱ्या डिव्हिजनचा असेल."

"फोन?"

"बंदच लागतोय. पण साइट बघत असेल तो. कोणी चुकीचं गणित टाकलं ना सर, की त्याला राहवतच नाही."

"मग तू टाक चुकीचं."

तिने वडिलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे मला येत नाही असं दाखवू? सर, ही फसवणूक झाली."

"झाली. टाक."

तिने टाकलं. पेपर जवळ आलाय, अडलंय, कोणीतरी सांगा. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. एकेक पायरी सुटी करून लिहिलेलं, आणि शेवटी: "घाबरू नकोस. येईल तुला." मुलगा जिवंत होता.

कॉलेजच्या संगणकवाल्याने आयपी अॅड्रेस काढून दिला. तो कुठला, हे इंटरनेट कंपनीने कळवेपर्यंत त्या मुलीचं रोज काहीतरी अडत राहिलं, आणि तो रोज सोडवत राहिला. पत्ता निघाला हायवेवरच्या वरसाव्याच्या एका सायबर कॅफेचा.

कॅफेवाला हवालदारांना म्हणाला, "साब, शरीफ लडका है. हायवे के हॉटेल में काम करता है, छुट्टी में इधर आके पढाई करता है." हवालदार शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. मुलगा आला, खाकी कपडे बघितले, पळाला नाही. जीपमध्ये त्याने एवढंच विचारलं, "तिला ते शेवटचं जमलं का?"

हवालदार सरळ माणूस. म्हणाले, "अरे, तिला सगळंच येत होतं. तुला शोधायला टाकत होतो आम्ही."

तोपर्यंत मुलगा शांत होता. मग रडायला लागला, तो ठाण्यापर्यंत थांबला नाही.

वडिलांनी त्याला मारलं नाही, जवळही घेतलं नाही. "डबा कुठे खायचास रोज?" त्यांनी विचारलं.

"कॅफेत."

"आई विचारत होती," म्हणाले आणि त्याला घेऊन गेले.

त्याच संध्याकाळी कॉलेजने साइटवरून त्याचं नाव काढलं. नावाबरोबर त्याने वर्षभर लिहिलेली सगळी उत्तरं गेली. परीक्षा तोंडावर होती. त्या मुलीने मला फोन करून हे सांगितलं. पोलीस यात काय करणार, असं मी म्हणालो. ते खरंही होतं.

पुढे कधीतरी वडील भाईंदर पश्चिमेच्या बाजारात भेटले. मुलाची चौकशी केली. "घरीच असतो. राहिलेला विषयही द्यायला तयार नाही. कोणी काही विचारलं तर, मला येत नाही म्हणतो."

गुन्हेगार सापडतो तो बहुधा हावेमुळे, नाहीतर बढाईमुळे. हा सापडला, कारण दुसऱ्याचं अडलेलं त्याला बघवत नव्हतं. तेव्हापासून मिसिंगच्या तक्रारीत व्यसनं आणि भांडणं विचारून झाली की मी आणखी एक प्रश्न विचारत असे: त्याला चांगलं काय येतं? तपासाला त्याचा उपयोग होतो. बहुतेक घरांत मात्र या प्रश्नावर आई-वडील एकमेकांकडे बघत बसत.