न सापडलेले आजोबा
घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, लिहिताना चुकलं तर माफ करा. पण आज येडशीच्या बसमध्ये शेजारच्या घोंगडीचा वास आला आणि आमच्या मॅडम आठवल्या. म्हाताऱ्या माणसांच्या मनाच्या दुखण्यावर त्यांचा अभ्यास होता. त्याच माणसांना दर काही वर्षांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मी संगणकावर जुळवून देत होतो. एका मेंढपाळ आजोबांनी पहिल्या वेळी ‘आता जगू वाटत न्हाय’ असं सांगितलं होतं, आणि पुढच्या वेळी ते सापडलेच नव्हते. “मॅडम, यांचं दुसरं उत्तरच नाही, यादीतली यांची ओळ काढू का?” मी विचारलं. “अरे, असं बोललेला माणूस कुठं गेला, हे न विचारताच?” म्हणत त्यांनी त्या गावच्या आशाताईंना फोन लावला, आणि उत्तर येईपर्यंत जेवतानाही फोन जवळ ठेवला. शेवटी ताईंचा निरोप आला: “सुनेला इचारलं मॅडम. लेकानं घरी बसवलं हुतं, तवा तसं बोलायचं म्हातारं. आता मेंढरं घिऊन नळदुर्गाच्या पुढं गेलंय, लई खुशीत हाय.”