वरून घेतलेलं तेल

शी! ताट तीनदा घासलं, अन् आता लिहायला बसलेय.

डॉक्टरांनी आमच्या ह्यांचं तळलेलं बंद केलंय आणि ह्यांना फ्रेंच फ्राइजचा लई नाद. म्हणून आज गाजर, बीट, भोपळ्याच्या फोडी काळा मसाला अन् चमचाभर तेल चोळून ओव्हनमध्ये खरपूस भाजल्या.

पाणी आणायला आत गेले. येऊन बघते तर ताटात करडईच्या तेलाचं तळं! फोडी पोहतायत, हे भाकरीनं तेल पुसून खातायत, हनुवटीवरून ओघळ.

"अहो, हे काय?"

"तळलंय कुठं? चटणीवर घेतो तसं वरून घेतलंय. कोरडं घशाखाली उतरतंय व्हय?" वर म्हणतात, "उद्या बी कर. पथ्याचं लई भारी लागतंय."

मैत्रिणींनो, तुमच्याकडं बी वरून घेतलेलं तेल पोटात जात न्हाई का?