बंदर नंबर सात आणि अक्काची म्हैस

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली कमेंटमध्ये वाद नकोत. माझा कोल्हापुरात सीसीटीव्ही बसवायचा धंदा आहे. भूत, आत्मा, चकवा… यातलं काहीही मी कधी मानलं नाही. एका बंगल्यात रोज स्वयंपाकघरातून आवाज येतात म्हणून मालकांनी भूत पकडायला माझ्याकडून कॅमेरे लावून घेतले होते. सापडला त्यांचाच जावई, फ्रीजमधली बासुंदी खाताना. असल्या धंद्यात माणूस भाविक राहील कसा? त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही. आणि मी एकटा असतो तर स्वतःला वेड्यात काढून गप्प बसलो असतो. पण हॉल भरलेला होता हो! सगळ्यांनी पाहिलं.

गोष्ट दोन बहिणींची आहे. माझी आई सुशीला, आणि तिची थोरली बहीण इंदुमती. आई तिला अक्का म्हणते, म्हणून आम्ही घरातले सगळेच अक्का म्हणतो. अक्काचं वय ब्याऐंशी. तिचे यजमान गेल्यापासून ती नेसरीहून आमच्याकडेच राहायला आली.

लग्नाआधी अक्काने एका सिनेमात काम केलं होतं. इथल्याच एका स्टुडिओचा सिनेमा, नाव ‘बंदर नंबर सात’. खून, स्मगलर, तिरकी टोपी घातलेला डिटेक्टिव्ह, सिगारेटचा धूर, ओल्या रस्त्यावर दिव्यांचा उजेड… आणि हे सगळं घडतं कुठल्याशा दमट, घामट, माडांनी गच्च भरलेल्या बंदराच्या शहरात. आता कोल्हापुरात समुद्र कुठून आणायचा? रंकाळा झाला समुद्र. फळ्या ठोकून, रंगवून जहाज उभं केलं. आणि माड? बांबूला गोणपाट गुंडाळायचं आणि शेंड्याला उसाचं वाढं बांधायचं. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, आमच्याकडे जनावरांना घालतात तो. ब्लॅक अँड व्हाईट सिनेमात कोणाला कळतंय!

माणसांना कळत नाही. म्हशींना कळतं.

अक्काचं म्हणणं असं. शेवटच्या रिळात तिचा एक सीन होता. बंदरावरच्या हॉटेलात काम करणारी पोरगी, दिव्याच्या खांबाखाली उभी, वरून पाइपाचा पाऊस. समोर डिटेक्टिव्ह. ती त्याला एकच वाक्य बोलते, “मागे वळू नका साहेब, तो तुमच्या मागेच उभा आहे.” अक्काने वाक्य झोकात म्हटलं… आणि नेमकी त्याच वेळी तिच्या पाठीमागून, गवळ्याकडून सुटून आलेली एक म्हैस शांतपणे बंदरावर आली आणि माड खायला लागली. डायरेक्टरने कपाळावर हात मारला. पण त्या दिवशीची फिल्म संपली होती, खांब दुसऱ्या दिवशी उतरवायचा होता. तो म्हणाला, राहू दे म्हशीसकट, अंधारात दिसतीय कुणाला.

सिनेमा लागला तोवर अक्काचं लग्न होऊन ती नेसरीला गेली होती. सासऱ्यांनी थिएटरचं नावसुद्धा काढू दिलं नाही. बघून आली ती आई, तेव्हा चौदा वर्षांची. आणि येऊन तिने सगळ्यांना सांगितलं, “अक्का न्हायच त्यात. पाठमोरी दिसती एकदा, चहाचा ट्रे घेऊन. बास.”

तेव्हापासून दोघींचं बिनसलं. अक्काला वाटायचं, सुशी जळली माझ्यावर. आईला वाटायचं, अक्का थापाडी आहे आणि वर मलाच खोटं पाडते. सिनेमा पुन्हा कुठे लागला नाही, प्रिंट कुठे गेली ते कोणाला माहीत नव्हतं. आमच्या घरात तर म्हणच पडली होती. कुणी फुगवून काही सांगायला लागलं की म्हणायचं, “झाली सुरू अक्काची म्हैस!” पोरं हसायची, मीही हसायचो. अक्का तोंड फिरवून भाजी निवडायला घ्यायची.

मागच्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. अक्काच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चालल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनचा उपयोग नाही, काही महिन्यांत उजेड-अंधार तेवढा कळेल. आणि त्याच सुमारास फिल्म क्लब चालवणाऱ्या माझ्या मित्राचा, सतीशचा, फोन आला. कुरुंदवाडला एका जुन्या टुरिंग टॉकीजवाल्याच्या घरात, खताच्या पोत्यांमागे, गंजलेले डबे सापडले होते. “दिप्या, लेबल वाचू काय? बंदर… नंबर… सात!” मी दुकानात शिडीवर होतो. शिडीवरूनच ओरडलो.

सतीशच्या क्लबने ती प्रिंट मुंबईहून स्कॅन करून आणली. फाइल हातात आल्यावर मी दुकानातच बसून अख्खा सिनेमा पाहिला. काय सिनेमा आहे राव! वाढ्याचे माड वाऱ्यावर असे हलतात, की खरंच कुठल्या तरी परमुलखात घामेजून बसल्यासारखं वाटतं. पण अक्का? एकदा पाठमोरी. चहाचा ट्रे. बास.

शेवटच्या रिळात तर गंमतच होती. डिटेक्टिव्ह एका काळ्याकुट्ट बोळात शिरतो, पडदा जवळपास काळा, आणि दुसऱ्याच क्षणी तो गर्रकन वळून मागच्या माणसावर गोळी झाडतो. मागे कोणी आहे हे त्याला कळलं कसं? काहीच पत्ता नाही. मी तिथे पाच-सहा वेळा मागे-पुढे करून पाहिलं. खांब नाही, पाऊस नाही, म्हैस नाही.

घरी येऊन मी अक्काला सरळ सांगितलं. लपवून काय उपयोग होता? ती खुर्चीत बसली होती, आई शेजारी शेंगा सोलत होती.

“अक्का, तुझा सीन न्हाय गं त्यात. मी सगळं बघितलं.”

आई शेंगा सोलता सोलता म्हणाली, “साठ वर्सं मी काय येगळं सांगालोय व्हय?”

“हाय,” अक्का म्हणाली. “मी बोललोय, मी भिजलोय, माझ्या मागं म्हस आलीया. मी खोटं बोलतो व्हय गं सुशे? आता डोळं जायच्या आत तरी खोटं बोलीन व्हय?”

आई शेंगा सोलतच राहिली. मला मात्र फार वाईट वाटलं. अक्काने आयुष्यात मागितलं काय, तर एवढंच की आपल्या बहिणीने एकदा तरी आपल्यावर विश्वास ठेवावा. आणि आता तिचे डोळे जायच्या आत ते होणार नव्हतं.

शो रविवारी सकाळी होता, राजारामपुरीतल्या एका छोट्या हॉलमध्ये. (त्या हॉलचे कॅमेरे मीच बसवलेत, हे लक्षात ठेवा.) अक्का ठेवणीतली जांभळी साडी नेसून, गजरा माळून आली. आईही आली, “एकटी कशी जाईल ती, डोळ्यानं दिसत न्हाय” असं म्हणत. दोघी पहिल्या रांगेत बसल्या. सतीशने अक्काला सुरुवातीला दोन शब्द बोलायची विनंती केली. अक्का म्हणाली, “आधी बगा. मग बोलतो.” म्हणजे त्या हॉलमध्ये आम्ही घरचे सोडून म्हशीची गोष्ट कोणालाही माहीत नव्हती. सतीशलासुद्धा नाही. हे मी मुद्दाम सांगतोय.

मी मागे लॅपटॉप आणि प्रोजेक्टरजवळ. सिनेमा सुरू झाला आणि पब्लिक रंगलंच. कोल्हापूरचं पब्लिक, गप्प बसून सिनेमा बघेल ते कसलं! रंकाळा दिसल्यावर शिट्ट्या, व्हिलन आल्यावर “आला रे आला”, एका आजोबांनी तर डिटेक्टिव्हला “आरं मागं बग की!” म्हणून दम भरला. मीही विसरलो सगळं.

मग शेवटचं रीळ. डिटेक्टिव्ह बोळात शिरला. पडदा काळा झाला… आणि काळा राहिला नाही.

एक दिवा लागला. खांबावरचा. त्याच्याखाली पावसाच्या तिरक्या रेघा, आणि रेघांमध्ये एक मुलगी. केस कपाळाला चिकटलेले, पदर खांद्याभोवती घट्ट ओढलेला. मी ती मुलगी कधी पाहिलेली नव्हती आणि तरी लगेच ओळखली, कारण हनुवटी पुढे काढून बघायची तिची ती तऱ्हा मी रोज घरात बघतो. माझा हात लॅपटॉपवर तसाच राहिला. त्या वेळी लॅपटॉपच्या स्क्रीनवर काय दिसत होतं ते बघायचं मला सुचलंच नाही, आणि याची चुटपुट मला मरेपर्यंत लागणार आहे.

मुलगी म्हणाली, “मागे वळू नका साहेब…”

आणि पहिल्या रांगेतून, म्हाताऱ्या आवाजात, त्याच लयीत, “…तो तुमच्या मागेच उभा आहे.”

मुलीच्या पाठीमागे अंधार हलला. शिंगं पाठीपर्यंत गेलेली एक पंढरपुरी म्हैस, अगदी बाजारातून घरी निघाल्यासारखी, बंदरावर आली. थांबली. मान वर केली आणि माडाचा शेंडा ओढून खायला लागली.

हॉल फुटला! काय ती हसण्याची लाट, काय त्या टाळ्या! लोक उभे राहिले. एकाने टोपी उडवली. लगेच डिटेक्टिव्ह गर्रकन वळला, गोळी झाडली, आणि पब्लिक ओरडायला लागलं, “वन्स मोअर! वन्स मोअर! म्हस दाखव परत!”

कोल्हापुरात वन्स मोअर आला की द्यायचाच असतो. मी खुशीत फाइल मागे ओढली. डिटेक्टिव्ह बोळात शिरला. पडदा काळा. गर्रकन वळला, गोळी.

“आरं लई फुडं गेलास! मागं घे!”

मी आणखी मागे घेतलं. बोळ, काळोख, गोळी. पुन्हा. तेच. सतीश धावत आला, त्याने स्वतः करून पाहिलं. बोळ, काळोख, गोळी. हसणं हळूहळू थांबलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मघाचे आजोबा खाली बसले आणि त्यांनी हात जोडले.

मी पुढे धावलो, अक्काला काही झालं नाही ना बघायला. आईने तिचा हात दोन्ही हातांत धरला होता आणि ती रडत होती. माझी आई, जी वडील गेले तेव्हाही चारचौघांत रडली नव्हती.

“म्हस हाय की गं, अक्का…” आई म्हणत होती. “पर तवा नव्हती गं. देवाशप्पत नव्हती. मी खोटं न्हाय सांगितलं.”

“व्हय गं,” अक्का तिचे डोळे पुसत म्हणाली. “तू बी खोटं न्हाय, मी बी न्हाय.”

संध्याकाळी मी हॉलचं फुटेज काढलं. पडद्याच्या वर जो कॅमेरा आहे तो खुर्च्यांकडे तोंड करून आहे, त्यामुळे पडदा त्यात येत नाही, फक्त माणसांचे चेहरे. वन्स मोअरच्या वेळी, बोळाच्या काळोखात, सगळ्यांचे चेहरे काळेच आहेत, जसे असायला हवेत. पण पहिल्या वेळी… पहिल्या वेळी सगळ्या हॉलच्या चेहऱ्यांवर उजेड आहे. दिव्याचा, स्थिर. त्यावरून पावसाच्या बारीक सावल्या सरकताहेत. अक्काचे ओठ हलताना दिसतात. मग सगळे एकदम हसतात.

सतीशने डबे पुन्हा तपासले. स्कॅन करणाऱ्यांना विचारलं, फाइल तीन ठिकाणी दाखवली. रिळात त्या जागी सांधा आहे, कधीकाळी कापून जोडल्याचा. तुकडा मिळालेला नाही. एकजण म्हणाला, समूहभ्रम. असेल बाबा. पण ज्यांना गोष्टच माहीत नव्हती त्या सगळ्यांना एकच भ्रम, त्यातही म्हैस? आणि भ्रमाचा उजेड माझ्या कॅमेऱ्याने कसा टिपला? मला माहीत नाही. मी माझ्या धंद्यातल्या भल्याभल्यांना विचारलं, त्यांनाही माहीत नाही. कोणाला ठाऊक असेल तर खाली जरूर लिहा. फुटेज माझ्याकडे आहे, घरी येऊन बघू शकता. चहा पाजीन.

अक्काला आता दिसत नाही. खिडकीकडचा उजेड तेवढा कळतो. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की ती आईला म्हणते, “सुशे, सांग की.” आणि साठ वर्षं जिने तो सीन नव्हताच म्हणून सांगितलं, ती माझी आई तिच्याशेजारी बसून सांगायला लागते. दिवा लागला बघ. पाऊस पडतोय. तू उभी हाईस, पदर घट्ट धरून. लई देखणी दिसालीस गं.

मग दोघी मिळून ते वाक्य म्हणतात. आणि अक्का विचारते, “म्हस आली?”

“आली की,” आई म्हणते. “माड खातीया.”