अंबाबाईची स्प्रिंग

ओतूरच्या श्रावणी सोमवारच्या यात्रेत फुगे फोडायचे ठेले लागायचे. बहुतेक ठेल्यांवरच्या बंदुकीची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट, मुद्दाम जराशी वाकवलेली असायची. गिर्‍हाईक फुग्यावर नेम धरायचं आणि छर्रा दोन फुग्यांच्या मधून निघून जायचा. धंद्याची रीतच होती ती. अंबाबाईच्या ठेल्यावर मात्र माशी सरळ होती. तिथं चुकलं तर चूक आपली, हे लोकांना ठाऊक होतं. म्हणून ज्यांना आपल्या हाताची खात्री होती, ते तिच्याकडेच यायचे.

ती छर्‍याची बंदूक तिच्या नवर्‍यानं, सोमाजीनं, घरी बांधलेली. सोमाजी नारायणगावच्या एका वर्कशॉपात लेथवर होता. नळी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणली, हवेचा सिलिंडर सुटीच्या दिवशी मालकाला विचारून लेथवर काढला, दस्ता बाभळीचा, तासून तासून खांद्याला बसेपर्यंत केलेला. बंदूक पहिल्यांदा वाजली तेव्हा आळीतले लोक बघायला आले होते. सोमाजी ते आयुष्यभर सांगत राहिला.

वर्षं गेली, आतली स्प्रिंग सैलावली. सोमाजीनं दुसरी घातली, चांगली जाड तारेची. नळी खाली वाकवून बंदूक ताणायला आता दोन्ही हातांचा जोर लागायचा. आवाज वाढला. गिर्‍हाईक खूश झालं.

अंबाबाईचं लक्ष आवाजाकडे नव्हतं. ठेला आवरताना ती फुग्यांमागची लाकडी फळी पुसायची, तेव्हा तिला भोकं दिसायची. आधी ती फुग्यांच्या जागी दाटीनं असत. नव्या स्प्रिंगनंतर ती विखुरली, काही वर, काही डावीकडे.

"आवं, बंदूक फाकती," ती म्हणाली होती.

"गिर्‍हाईक फाकतंय," सोमाजी म्हणाला. "जोर वाढला की नेम आपसूक येतो. तुला काय कळतंय त्यातलं?"

तिनं वाद घातला नाही. फळी मात्र दर यात्रेला बघत राहिली.

मग सोमाजीला लकवा झाला. उजवा हात गेला, पाय ओढत चालायची पाळी आली, वर्कशॉप सुटलं. ठेला अंबाबाईनं चालवला. बंदूक उघडायची, पुसायची, तेल द्यायचं, सगळं ती शिकली. सोमाजी बाजेवर बसून सांगायचा आणि ती चुकली की खेकसायचा. एका हातानं काही करता येत नव्हतं, त्याचा राग तो दुसर्‍या हातानं बाजेची दोरी उपटून काढायचा.

सत्त्याण्णव साली यात्रेच्या तोंडावर स्प्रिंग तुटली. त्याच संध्याकाळी शेजारच्या ठेल्याचा दादाभाऊ घरी आला. बातमी त्याला कशी लागली, देव जाणे.

"सोमाजी, इकून टाक राव," तो म्हणाला. "वहिनींनी किती वडायचं? माझ्याकडं बंदूक बसून र्‍हाणार न्हाई."

"माशी वाकडी करून चालवनार नव्हं?" अंबाबाईनं चुलीपासून विचारलं.

"वहिनी, सरळ माशीवर कुनाचं पोट भरलंय?"

"आमचं भरतंय की."

दादाभाऊ हसला. सोमाजी हसला नाही. दादाभाऊ गेल्यावर तो म्हणाला, "व्हती तशीच कडक स्प्रिंग आन. न्हाई मिळाली, न्हाई बसली, तर पैल्या सोमवारी रातच्याला बंदूक त्याला दिऊन टाकू. मला ही रोजची कटकट बघवत न्हाई."

अंबाबाई दुसर्‍या दिवशी पहिल्या एसटीनं पुण्याला गेली. तुटलेली स्प्रिंग फडक्यात बांधून घेतली होती, आणि आठवणीनं त्याआधीची सैलावलेली पण, जी सोमाजीनं खिळ्यांच्या डब्यात टाकून दिली होती. तिथल्या एका दुकानदारानं तुटलेल्या स्प्रिंगच्या मापाची जाड स्प्रिंग पुढं सरकवली. तिनं जुनी दाखवली.

"या तारेची पायजे. पर नवी."

"बाई, ही नरम पडेल."

"पडू द्या."

त्यानं तशा तीन काढल्या. अंबाबाईनं एकेक त्याच्या काचेच्या काउंटरवर लोळवली. एक लंगडत गेली. ती तिनं बाजूला केली. दुसरी सरळ गेली, पण तिचं टोक नुसतं कापलेलं होतं, घासून सपाट केलेलं नव्हतं. असं टोक दट्ट्याला, म्हणजे सिलिंडरातली हवा दाबणार्‍या दांड्याला, एका अंगानं ढकलतं आणि छर्रा त्या ढकलण्याची चाल घेऊन निघतो. तिसरी दोन्ही टोकांवर उभी केली, तर मेणबत्तीसारखी उभी राहिली. तिनं ती घेतली. दुकानदारानं चहा मागवला होता, तो न घेता ती निघाली, कारण जुन्नरची गाडी चुकली असती.

जुन्नरला गेणभाऊ चपला शिवायचा. दट्ट्याच्या तोंडाला चामड्याचं वॉशर लागतं, सायकलच्या पंपात असतं तसं. सोमाजी स्टोव्हच्या पंपाचं तयार वॉशर बसवायचा. ते लवकर फाटायचं.

"पोटाचं चामडं नगं," अंबाबाई म्हणाली. "पाठीचं द्या. पोटाचं ताणतं."

"तुमी मला चामडं शिकवताय व्हय?" गेणभाऊ म्हणाला, पण हातातला तुकडा त्यानं खाली ठेवला आणि दुसरा घेतला.

घरी तिनं वॉशर एरंडेलात मुरत ठेवलं. स्प्रिंग पाट्याखाली दाबून वर वरवंटा ठेवला आणि रात्रभर तशीच राहू दिली. सकाळी उंची सुतानं मोजली. होती तेवढीच होती. हलक्या प्रतीची तार असती तर खचली असती. सोमाजी बाजेवरून बघत होता.

"नरम आनली तू."

"व्हय."

"मी कडक सांगितली व्हती."

"ऐकलं म्या."

त्यानं तोंड भिंतीकडं केलं. स्प्रिंग बसवायला दोन माणसं लागतात. अंबाबाईनं दस्ता उंबर्‍याला टेकवला, छातीनं दाब दिला आणि एकटीनं बसवली. छातीवर काळानिळा वळ उठला.

पहिला सोमवार आला. रिमझिम चालूच होती. ओल धरून चामडं आखडेल म्हणून अंबाबाईनं निघताना वॉशरला पुन्हा तेल दिलं. घाईत थोडं जास्तच पडलं. सोमाजी हट्टानं आला होता. ठेल्यामागं खुर्ची टाकून बसला, अंगावर घोंगडी.

पहिलं गिर्‍हाईक आलं ते आळे गावचं, तालमीतलं. त्यानं बंदूक ताणली आणि म्हणाला, "हलकी झाली की." मग मारलं. फाडकन आवाज झाला, नळीतून निळा धूर निघाला आणि छर्रा कुठं गेला ते कळलंच नाही. दुसरा मारला, तसंच. शेजारून दादाभाऊ ओरडला, "वहिनी, बंदूक हाय का बिडी?"

लोक हसले. सोमाजीनं घोंगडी वर ओढून घेतली.

अंबाबाईला कारण कळलं. जादा तेल दट्ट्यासमोर जाऊन पेट घेत होतं. त्याचा जोर दर वेळी वेगळा, म्हणून छर्रा भरकटत होता. तिनं तालमीतल्या माणसाच्या हातातून बंदूक घेतली.

"पावणं, थांबा जरा."

"किती थांबू?"

"बंदूक सांगंल."

तिनं फुगे काढून घेतले. जादा तेल जळून जावं म्हणून नुसत्या फळीवर ती एकामागून एक छर्रे मारत राहिली. यात्रेच्या ऐन गर्दीत तिचा ठेला रिकामा उभा होता आणि गिर्‍हाईक दादाभाऊकडं वळत होतं. तिनं घाई केली नाही. धूर कमी झाला. आवाज फाडकन यायचा तो बसका झाला, मग थपकन यायला लागला, दर वेळी सारखाच. तरी ती थांबली नाही. आणखी मारून खात्री केली. मग फळी फिरवून कोरी बाजू पुढं घेतली, मधोमध चुन्याचं बोट लावलं आणि बंदूक तालमीतल्या माणसाला दिली.

"आता मारा. हात तुमचा, बाकीचं माझ्याकडं."

त्यानं सावकाश मारलं. थप. पुन्हा थप. त्याला ताणायला जोर लागत नव्हता, त्यामुळं श्वास ठिकाणावर होता आणि हात थरथरत नव्हता. पाच मारून झाल्यावर तो स्वतःच फळीकडं गेला आणि वाकून भोकं बघायला लागला.

"इकडं आन ती," सोमाजी मागून म्हणाला.

अंबाबाईनं फळी त्याच्या मांडीवर ठेवली. सोमाजीनं डावा हात घोंगडीतून काढला. चुन्याच्या डागावर अंगठा ठेवला. पाचही भोकं अंगठ्याखाली झाकली गेली. त्यानं अंगठा उचलून पाहिलं, परत ठेवला. लेथवरचं काम तपासताना तो असाच हात फिरवायचा, घाईनं कधीच नाही.

"माझ्या येळंला अशी दाट नव्हती," तो म्हणाला. मग विचारलं, "स्प्रिंगंची टोकं घासलेली हायती का?"

"दोनी."

"चामडं पाठीचं?"

"पाठीचं."

त्यानं मान हलवली. फुगे परत लागले. संध्याकाळपर्यंत ठेल्यापुढं रांग होती, आणि चुकलेल्या माणसानं बंदुकीला नाव ठेवलं तर रांगेतलेच लोक त्याला गप्प करत होते.

आवराआवर चालू असताना दादाभाऊ आला. सोमाजीची अट त्याच्याही कानावर गेली होती. "मग सोमाजी? आज सोमवार हाय."

"मला काय इचारतोस?" सोमाजी म्हणाला. "बांधली म्या. पर आत आता माझं काय र्‍हायलं न्हाई. बंदूक तिची हाय. तिला इचार."

अंबाबाईनं नळीवर फडकं फिरवून बंदूक गोणपाटात गुंडाळली.

"न्हाई इकायची," ती म्हणाली. "तुमची दुरुस्त करायची असंल तर घिऊन या. स्प्रिंग बी बघते, वॉशर बी करते. पर भाऊ, माशी पैल्यांदा सरळ करून आना. वाकड्या बंदुकीला मी हात लावनार न्हाई."

दादाभाऊनं ते हसण्यावारी नेलं. पण दिवाळीनंतर खोडदच्या यात्रेआधी तो बंदूक घेऊन आला. अंबाबाईनं दारातच नळी डोळ्याला लावून माशी पाहिली, आणि मग त्याला बसायला घोंगडी टाकली.